पिकअपचा जादा गिअरबॉक्स: विचार आणि कृती

सांगोल्याच्या डाळिंबांच्या क्रेटी, मंगळवेढ्याच्या ज्वारीची पोती, सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर बाजार समितीच्या आवारात पहाटे उतरावयाचा कांदा आणि शहरातील यंत्रमागांवरून निघालेल्या चादरींचे गठ्ठे या सर्वांची ने-आण ज्या एका वाहनावर आज मुख्यतः अवलंबून आहे, ते वाहन म्हणजे पिकअप होय. हे वाहन डांबरी सडकेसाठी बांधलेले असले तरी त्याचा निम्मा दिवस शेतातील चाकोरीत, ओढ्याच्या पात्रात आणि बांधावरच्या चढणीवर जातो. आणि म्हणूनच आहे त्या गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक लहान गिअरबॉक्स बसवून घ्यावा, म्हणजे गाडी ‘ओढेल’, अशी इच्छा अनेक मालकांच्या मनात वारंवार उत्पन्न होते. ही इच्छा अवाजवी नाही. तथापि ती अमलात आणताना कशासाठी, कोणत्या प्रमाणाचा आणि कोणाच्या परवानगीने, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळविली नाहीत, तर खर्च होऊनही काम साधत नाही, आणि कित्येकदा चांगली गाडी कायमची बिघडते. ज्यांच्या मनात असा बेत घोळत आहे त्यांच्यासाठी हे विवेचन आहे.

कल्पना जुनी आहे आणि आपल्याकडे ती अपरिचित नाही. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून मुख्य गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन आखूड दांड्या असलेली गाडी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून हिंडत आली आहे. त्यांपैकी एक दांडी पुढच्या चाकांना गती जोडून देई आणि दुसरी सगळ्याच गिअरांना एका फटक्यात सुमारे अडीच पट हळू, आणि त्याच प्रमाणात जोरकस, करून टाकी. ज्या शेठ वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना करून या देशात मोटारनिर्मितीचा पाया घातला, त्यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला होता, हे येथील मोटारवाल्यांनी अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. यंत्राकडे डोळसपणे पाहण्याची परंपरा या गावाला नवी नाही.

जादा गिअरबॉक्स मुख्य गिअरबॉक्स आणि मागील धुरा यांच्या दरम्यान, प्रोपेलर शाफ्टच्या वाटेत बसतो. त्याला बहुधा दोनच टप्पे असतात: एक सरळ, ज्यात आत आलेली गती जशीच्या तशी बाहेर जाते, आणि दुसरा बदललेला, ज्यात ती कमी किंवा अधिक होते. येथे एक गोष्ट प्रथमच मनावर बिंबवून घ्यावयास हवी की, या पेटीत शक्ती उत्पन्न होत नाही. बोरघाटातून लोहमार्ग १८६३ साली खुला झाला, तेव्हा सदतिसांत एक अशा चढावर गाडी चढविण्यासाठी मागून दुसरे इंजिन लावण्याची वहिवाट पडली आणि ती आजही चालू आहे. त्या मदतनीस इंजिनाने खरोखरीच नवी शक्ती येते. गिअरबॉक्स मात्र वेग घेतो आणि त्याच्या मोबदल्यात जोर देतो, वरून थोडी शक्ती घर्षणात खर्चही करतो. ज्याला घाटात भरल्या गाडीचा वेग वाढवावयाचा आहे त्याची निराशा ठरलेली आहे.

आता थोडे गणित करू. ते कंटाळवाणे वाटले तरी खर्च वाचविणारे आहे. समजा, इंजिनाची पीळशक्ती २०० न्यूटन-मीटर आहे, पहिल्या गिअरचे प्रमाण चार आहे, मागील क्राऊन-पिनियनचेही चार आहे आणि टायरची त्रिज्या ३५ सेंटिमीटर आहे. घर्षणाची दहा टक्के वजावट केली तर मागच्या चाकांवर सुमारे ८४० किलो इतकी ओढ मिळते. मालासह गाडीचे वजन तीन टन धरले, तर या ओढीवर ती चारांत एक एवढा चढ चढू शकते. आपले घाटरस्ते साधारणतः विसांत एक ते पंधरांत एक या उताराचे बांधलेले असतात. तुळजापूरच्या किंवा येडशीच्या घाटात पहिला गिअर कमी पडतो असे होतच नाही. पडत असेल तर गाडीत मंजूर वजनाहून अधिक माल आहे, किंवा क्लचप्लेट झिजली आहे, किंवा इंजिनाचे दाबयंत्र, नोझल अथवा टर्बो यांत दोष आहे. आणि या तिन्हींवरचा इलाज जादा गिअरबॉक्स हा नव्हे. अशा गाडीचे काम आधी त्या ठिकाणी करून घ्यावे.

मग घाटात चालकाला त्रास होतो तो कशाचा? तो दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमधील अंतराचा. दुसऱ्यात इंजिन किंचाळते, तिसऱ्यात टाकले की दम तोडते आणि चालक तासभर या दोघांमध्ये हेलपाटे घालीत राहतो. हे अंतर भरून काढावयाचे तर सव्वा ते तीनदशमांश अधिक एक, म्हणजे १.२५ ते १.३०, अशा सौम्य प्रमाणाचा टप्पा हवा. दुप्पट प्रमाणाचा टप्पा येथे निरुपयोगी, कारण त्यातला तिसरा गिअर जवळपास मूळच्या पहिल्या-दुसऱ्याच्या मधोमध येऊन पडतो आणि चालकाला हवा असलेला मधला गिअर काही मिळत नाही.

चिखलात रुतलेली गाडी निघावी म्हणून जे हा खटाटोप करू इच्छितात, त्यांना तर स्पष्टच सांगावयास हवे की तसे होणार नाही. मागील धुऱ्यावर दोन टन वजन असले तरी ओल्या काळ्या जमिनीत टायरची पकड त्याच्या चतुर्थांशाच्या आसपासच राहते, म्हणजे पाचशे किलोच्या पलीकडे जोर लावताच चाक जागच्या जागी फिरू लागते. मूळचा पहिला गिअरच ८४० किलोंची ओढ देत आहे. ती १६८० केल्याने चाक अधिक फिरेल आणि अधिक खोल जाईल. काळ्या मातीत हवी असते ती चारही चाकांना गती, खोल नक्षीचे टायर आणि हवा थोडी कमी करण्याचा शहाणपणा. ज्याचा रोजचा मार्ग पावसाळ्यात अशा रानातूनच आहे, त्याने बोलेरो कॅम्परसारखी किंवा टाटा योद्धासारखी, कारखान्यातूनच चारही चाकांची गती आणि हळू टप्पा घेऊन आलेली गाडी पाहावी. त्यात कायद्याची कटकट नाही आणि सुटे भागही सरळ मिळतात.

तेव्हा दुप्पट-अडीचपट प्रमाणाच्या टप्प्याचा खरा उपयोग कोठे आहे? माझ्या मते तो बागेत आहे. डाळिंबाच्या ओळींमधून गाडी हळूहळू पुढे सरकत असते, दोन्ही अंगांनी मजूर क्रेटी चढवीत चालत असतात. वर घेतलेल्या प्रमाणांत इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर नुसते फिरत ठेवले, तरी पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी साडेसहा किलोमीटर चालते. आणि डोक्यावर क्रेट घेतलेला माणूस ताशी तीन किलोमीटरांहून अधिक चालत नाही. हे अंतर चालक अर्धवट दाबलेल्या क्लचने भरून काढतो. बागेच्या हंगामात जळक्या क्लचप्लेटचा तो ओळखीचा उग्र वास येतो तो याचमुळे. दोनाच्या प्रमाणाचा टप्पा असला की तीच गाडी ताशी तीन-सव्वातीन किलोमीटर वेगाने, क्लचला पाय न लावता, मजुरांच्या पावलाबरोबर चालते. क्लच वाचतो, चालकाचा पाय वाचतो आणि चाकाजवळ वावरणाऱ्या बायामाणसांचा जीव सुरक्षित राहतो. कारण अर्ध्या क्लचवरची गाडी कधी हिसका मारील याचा भरवसा नसतो. तीव्र उतारावर भरली गाडी उतरवितानाही हा टप्पा इंजिनाच्या आधाराने तिला आवरून धरतो आणि ब्रेक तापू देत नाही. एवढ्या दोन कामांसाठी तो बसवावयाचा असेल तर विचार योग्य दिशेने चालला आहे.

वेग वाढविणारा, म्हणजे ओव्हरड्राइव्हचा, टप्पा हा तिसरा प्रकार. तीन किंवा चार गिअरांच्या जुन्या जीपांना त्याचा निश्चित लाभ होई. आजच्या पिकअपचा पाचवा गिअर हा बहुधा स्वतःच ओव्हरड्राइव्ह असतो, मालवाहू गाडीचा वेग नियंत्रकाने ताशी ८० किलोमीटरांवर बांधलेला असतो; पुणे रस्त्यावर डिझेल वाचविण्यासाठी आणखी एक बसविणे मला व्यर्थ वाटते.

कायद्याची बाजू पुष्कळ मालक काम झाल्यावर विचारतात. ती आधी विचारावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी दाखल्यातील तपशील आणि निर्मात्याने मुळात नमूद केलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडक रीतीनेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा बेकायदा फेरफाराबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. यास्तव एमएच-१३ असो वा अकलूजची एमएच-४५ असो, आपली गाडी ज्या परिवहन कचेरीत नोंदलेली आहे तेथे गिअरबॉक्सचे नाव, प्रमाण, वजन आणि बसविण्याच्या जागेचे रेखाचित्र जोडून लेखी अर्ज करावा, निर्मात्याचे म्हणणे लेखी मागवावे आणि उत्तर हातात पडल्याखेरीज पान्याला हात लावू नये. तोंडी रुकार कामाचा नाही. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेला आणि विम्याच्या कंपनीलाही लेखी कळवावे. न कळविलेला फेरफार अपघातानंतर दाव्याच्या आड येतो. परवानगी मिळाली नाही तर विषय तेथेच संपला असे समजावे आणि वर सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या गाडीचा विचार करावा. मंजुरी मिळाल्यास पेटी आणि तिची चौकट यांचे वजन काट्यावर तोलून रिकाम्या गाडीच्या वजनात मिळवावे. तेवढा माल कमी भरावा लागेल.

पेटी निवडताना भंगारातल्या वस्तूचा मोह आवरता घ्यावा. जुन्या जिप्सीतील ट्रान्सफर केस मुख्य गिअरबॉक्सपासून सुटा असतो व मधल्या आखूड शाफ्टने जोडलेला असतो, म्हणून तो या कामास योग्य आहे असे सुचविले जाते. रचना खरोखरीच सोयीची आहे. पण ती पेटी पेट्रोलवरच्या हलक्या गाडीसाठी बनविलेली असून भरल्या डिझेल पिकअपच्या पहिल्या गिअरमधून येणारी आठशे न्यूटन-मीटरची पीळ दररोज सोसण्याची अपेक्षा तिच्याकडून करणे अन्यायाचे आहे. शिवाय तिचा ‘सरळ’ टप्पा पूर्ण सरळ नसतो, त्यातही गती कमी होते. त्यामुळे गाडीचा सडकेवरील वेगच घटतो. निकष साधा आहे: आपल्या इंजिनाची पीळ आणि पहिल्या गिअरचे प्रमाण यांचा गुणाकार करावा, आणि तेवढा भार सहन करण्याची ज्या पेटीची क्षमता तिच्या निर्मात्याने लिहून दिली आहे तीच घ्यावी.

बसविण्याच्या कामात सर्वांत दुर्लक्षिला जाणारा भाग म्हणजे टेकू. सरळ टप्प्यात पेटीच्या कवचावर पीळ येत नाही, म्हणून चाचणीच्या फेरीत सर्व काही ठीक वाटते. हळू टप्प्यात मात्र आत आठशे आणि बाहेर सोळाशे न्यूटन-मीटर, असा हिशोब होतो; मधल्या आठशेंचा फरक कवचाला सोसावा लागतो, आणि दोन टेकू एकमेकांपासून चाळीस सेंटिमीटरांवर असतील तर एकावर दोनशे किलोंचा भार खाली आणि दुसऱ्यावर तितकाच वर पडतो. दोन पट्ट्या वळवून वेल्ड केलेली चौकट हा भार फार दिवस झेलीत नाही. आडवी चौकट चेसिसच्या दोन्ही बाजूंना, उभ्या पृष्ठभागात छिद्रे पाडून, उच्च ताकदीच्या बोल्टांनी कसावी. चेसिसच्या वरच्या व खालच्या पाखांना भोक पाडू नये व तेथे वेल्डिंगची ज्योतही नेऊ नये, कारण वाकण्याचा सर्वाधिक ताण त्याच ठिकाणी असतो आणि तडा तेथूनच चालू होतो. पेटी आणि चौकट यांमध्ये रबर हवेच.

त्यानंतर प्रोपेलर शाफ्ट. लांब व्हीलबेसच्या पिकअपमध्ये तो पुष्कळदा दोन तुकड्यांचा असून मध्ये सेंटर बेअरिंग असते. जादा पेटी शक्यतो त्या बेअरिंगच्या जागी, त्याच उंचीवर बसवावी. म्हणजे मागच्या तुकड्याची लांबी आणि कोन मूळच्यासारखे राहतात. एकसंध शाफ्ट असलेल्या आखूड गाडीत पेटी मध्ये घातली की मागचा शाफ्ट आखूड होतो आणि तितकाच उठाव आखूड लांबीत बसवावयाचा असल्यामुळे त्याचा कोन वाढतो. कोन तीन अंशांच्या आत राहिला तर उत्तम. पेटीचा बाहेरचा दांडा आणि पिनियनचा दांडा परस्परांना समांतर असावेत, म्हणजे दोन्ही टोकांच्या क्रॉसवर सारखाच कोन पडून एकाची थरथर दुसरा नाहीशी करतो. हे मोजमाप गाडी रिकामी असताना एकदा आणि पूर्ण भरलेली असताना एकदा, असे दोनदा घ्यावे, कारण पाटे दबले की धुरा वर येतो आणि सारे कोन बदलतात. दबलेल्या स्थितीत शाफ्टच्या सरकत्या भागाला आत जाण्यास किमान एक इंच जागा शिल्लक आहे ना, तेही पाहावे. ती नसेल तर पहिल्याच खड्ड्यात शाफ्ट पेटीच्या बेअरिंगवर घणासारखा आदळेल.

चांगला मिस्त्री या कामात कसा वागतो ते पाहण्याजोगे आहे. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत असे काही जुने कारागीर आहेत. शाफ्ट सोडविण्यापूर्वी ते सरकत्या भागाच्या दोन्ही अंगांना पंचाने एकेक खूण मारतात, जेणेकरून दोन्ही टोकांचे काटे पुन्हा एकाच पातळीत यावेत; एक दाता इकडचा तिकडे झाला तरी ताशी साठच्या वेगाला गाडीचा सारा सांगाडा गुरगुरू लागतो. मग क्रॉसच्या टोपीभोवती बोट फिरवून ते बोट उजेडात धरतात. बोटाला तांबूस कोरडी भुकटी लागली की आतल्या सुयांचे ग्रीस केव्हाच संपले आहे, आणि तो क्रॉस दुप्पट पिळीला टिकणार नाही, हे त्यांना टोपी न उघडताच कळते. असे क्रॉस नव्या शाफ्टात पुन्हा घालू देऊ नयेत. शाफ्टची लांबी बदलल्यावर तो यंत्रावर संतुलित करून घेणे अपरिहार्य आहे; नुसत्या नजरेने तपासलेला शाफ्ट स्वीकारू नये.

पेटी बसली म्हणजे मागचे भाग बदलले असे होत नाही. शाफ्ट, पिनियन आणि धुऱ्याचे दांडे हे मूळच्या पहिल्या गिअरच्या पिळीसाठी घडविलेले आहेत. हळू टप्पा आणि पहिला गिअर ही जोडी म्हणूनच केवळ सपाट बागेत, मंद इंजिनावर वापरावी; चढणीवर भरली गाडी असताना हळू टप्प्यात दुसऱ्यापासून प्रारंभ करावा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये. हा नियम मालकाने चालकाला स्वतः शेजारी बसून शिकवावा, कारण दुप्पट जोराची चव लागली की मागे आणखी वीस पोती टाकण्याचा मोह होतोच, आणि ब्रेक, टायर व पाटे मात्र होते तेवढेच राहिलेले असतात.

आणखी एक धोका सर्वांत गंभीर आहे. काही पेट्यांत दोन टप्प्यांच्या मध्ये न्यूट्रल असते. दांडी चुकून तेथे राहिली, तर मुख्य गिअरबॉक्स पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी केलेली गाडीही उतारावरून सुटते, कारण इंजिन आणि चाके यांचा संबंधच तुटलेला असतो. काही गाड्यांत हातब्रेक गिअरबॉक्सच्या बाहेरच्या दांड्यावर असतो. पेटी त्याच्या मागे बसविली तर न्यूट्रलमध्ये तो ब्रेकही कुचकामी ठरतो. हातब्रेक मागच्या चाकांवर आहे याची खात्री करून घ्यावी, दांडीला प्रत्येक टप्प्यात पक्की अडकण असावी, आणि उतारावर चाकाखाली दगड लावण्याची सवय सोडू नये. टप्पा बदलावयाचा तो गाडी पूर्ण उभी करूनच. वेगदर्शकाची गती मुख्य गिअरबॉक्सवरून घेतलेली असेल तर हळू टप्प्यात तो दुप्पट वेग दाखवील. आणि २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इंजिनाचा संगणक वेग व गिअर यांचा मेळ घालून पाहत असल्यामुळे तो मेळ चुकताच शक्ती कमी करून टाकण्याचा संभव असतो. इतक्या नव्या गाडीला हात न लावणेच बरे.

सोलापूरचा मे महिना त्रेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि या लहान पेटीत तेल जेमतेम लिटर-दोन लिटर असते. म्हणून निर्मात्याने सांगितलेल्याच प्रतीचे तेल घालावे, आणि श्वासनळी रबरी नळीने वर, मागच्या बॉडीच्या तळापर्यंत उंच न्यावी, नाहीतर ओढ्यातले पाणी आणि रस्त्यावरची धूळ आत जाते. पहिले तेल पाचशे किलोमीटरांवर काढावे, एका स्वच्छ थाळीत ओतावे आणि उन्हात तिरपे धरून पाहावे. राखेसारखी बारीक चकाकी दिसली तर ती नव्या दातांची घासणी आहे, चिंता नाही. नखाने उचलता येईल असा तुकडा सापडला तर गाडी पुढे एक किलोमीटरही न नेता पेटी उतरवावी. याच प्रसंगासाठी मूळचा शाफ्ट कधीही कापू देऊ नये. आखूड शाफ्ट दुसऱ्या नळीतून नवा करून घ्यावा, आणि मूळचा शाफ्ट, सेंटर बेअरिंग व त्याचे बोल्ट तेल लावून, गोणपाटात गुंडाळून घरी ठेवावेत, म्हणजे गाडी अर्ध्या दिवसात पूर्ववत करून बाजाराच्या वाराला पुन्हा कामाला लावता येते.